प्लास्टरमधल्या हाताचा केक

माझ्या हातून झालेला पहिला चांगला केक माझ्या नणंदेनं स्वतःच्या नावावर खपवला.

आज त्यांचा स्मृतिदिन. फोटोला हार घातला, हात जोडले, आणि पहिल्यांदा तेच आठवलं. काय करू?

शालन वन्सं. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायच्या. नव्वदच्या दशकात आमच्या पेठेत कुणाचाही बर्थडे असला की केक वन्संचा.

मी हुपरीची, चांदीकामाच्या गावची. माहेरी पैंजणाच्या कड्या जोडायला बसले की हात जरा म्हणून हलायचा नाही. पण केकचं पीठ समोर आलं की सगळं चुकायचं. त्यात वन्सं डोक्यावर उभ्या.

"फेटालीस का ढवळालीस? ताक हाय व्हय ते?"

"वन्सं, करते ना मी..."

"हो बाजूला. दे इकडं चमचा."

संपलं. चमचा त्यांच्या हातात आणि मी भांडी घासायला. कित्येक वर्षं हेच.

बरं, रेसिपी अवघड असती तर गोष्ट वेगळी. तुम्हीच बघा.

दीड वाटी मैदा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल. दही-साखर एकजीव करायची, त्यात चमचाभर बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा. फेस आला की तेल, मग चाळलेला मैदा. जास्त घोटायचं नाही. जुन्या कुकरच्या तळाला वाळू, रिंग आणि शिट्टी काढून तो आधी तापवायचा. मग तूप लावलेल्या डब्यात पीठ ओतून डबा आत. मंद गॅस, पाऊण तास.

आणि मध्ये झाकणाला हात लावायचा नाही.

एवढंच. कुणालाही जमेल. "तुला सोडून," असं वन्सं म्हणायच्या.

पुढे त्यांनी तो गोल ॲल्युमिनियमचा, विजेवरचा ओव्हन घेतला, झाकणाला काच असलेला. कुकर माळ्यावर गेला. आणि मग आलं लोडशेडिंग.

त्याच दिवसांत वन्सं मोरीत घसरून पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. आणि समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीच्या वाढदिवसाची ऑर्डर आधीच घेतलेली.

"तूच कर आता," म्हणाल्या. अंगावरचा दागिना काढून द्यावा तसं तोंड करून.

"पण ओव्हनलाच लाव. ऑर्डरीचा हाय."

"वन्सं, लाईट जाईल."

"एवढ्यात न्हाय जात. मला शिकवू नगंस."

मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. माळ्यावरचा कुकर काढला. वन्सं स्टुलावर बसून ओरडत होत्या, पण चमचा ओढून घेता येत नव्हता ना!

डबा कुकरात गेला आणि थोड्या वेळानं लाईट गेली.

वन्संनी एकदा बंद पडलेल्या पंख्याकडे बघितलं, एकदा कुकरकडे.

केक मस्त फुगला. वर एक चीर नाही. मी किती वेळ नुसती बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन. बाईंचा आवाज मोठा, मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू येत होतं.

"शालनताई, या वेळचा केक काय झालाय हो! पण तुमचा तर हात मोडलाय. कुणी केला?"

"दुसरं कोण करणार? मीच केलोय की. डाव्या हातानं."

डाव्या हातानं!

त्या डाव्या हातानं त्यांना भात कालवता येत नव्हता. मी भरवत होते!

नवरा म्हणाला, "केकच हाय न्हवं, सोड की." त्याच्याशीही अबोला धरला.

प्लास्टर निघालं आणि चमचा परत वन्संकडे गेला. त्या केकचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण मी विसरले नव्हते.

मग वन्सं आजारी पडल्या. अंथरुणाला खिळल्या, जेवण तुटलं. एक दिवस मला म्हणाल्या, "केक कर की."

"कसला?"

"माझा हात मोडलेला तवा केलतीस, तसला."

केलतीस. म्हणजे कबूल! इतकी वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते.

एवढी हरखले की धीर धरवेना. फुगला का, भाजला का, म्हणून सारखं झाकण उघडून बघितलं. केक बसला. मधोमध खड्डा.

वन्संनी तुकडा तोंडात घातला. "झाकण उघडलीस."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई त्यांना तपासायला आल्या. वन्सं उशीवरून उठायचा प्रयत्न करत, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाल्या,

"खावा की बाई. आमच्या सुजीनं केलाय."

चांगला झाला तेव्हा तुमचा, आणि बसला तेव्हा माझा!

ठरवलं, बऱ्या झाल्या की एकदा समोरासमोर भांडायचं. डॉक्टरीणबाईंना बोलावून, त्यांच्यासमोरच वन्संच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं.

त्या बऱ्या झाल्याच नाहीत. भांडण तसंच राहिलं.

आज सकाळी तोच कुकर काढला. वाळू घातली. झाकणाला हात लावला नाही.

तसाच फुगलाय, वन्सं. वर एक चीर नाही.

डॉक्टरीणबाई आता थकल्यात. बशी घेऊन मीच समोर गेले. त्यांनी एक घास खाल्ला आणि डोळे पुसले. "अगदी शालनताईंच्या हातचा गं."

इतकी वर्षं जे सांगायचं होतं ते ओठावर आलं होतं.

आणि मी म्हणाले, "हो की. त्यांचाच आहे."

घरी आल्यापासून स्वतःवरच चिडलेय. भांडी आपटून झाली. नवरा विचारतोय काय झालं, त्याला काय सांगू?

घ्या वन्सं. हाही तुमच्याच नावावर.

रागासकट श्रद्धांजली.