नाही म्हणायची शिकवणी

त्या सकाळची हकिगत मी अजून विसरलेलो नाही. आर्वी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हजेरी आटोपत होती, तेवढ्यात रोहणा गावची एक बाई थेट माझ्या टेबलापाशी आली. तिचा नवरा शहरातल्या औषध चाचणी केंद्रात गेला होता. निरोगी माणसांना तिथे नवं औषध देऊन पाहतात, त्याचे पैसे मिळतात.

"साहेब, आमच्या मालकाले फिट येते. एजंटनं चार दिवसांपासून गोळ्या बंद करायले लावल्या. आज दहा वाजता थे औषध देनार हायेत."

आठ वाजून गेले होते. स्टेशन डायरीत नोंद करून मी केंद्राला फोन लावला. या नावाचा कोणी आत नाही, असं उत्तर आलं. बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

एजंट नालवाडीचा, पण त्या दिवशी रोहण्यातच माणसं गोळा करत होता. हवालदाराने त्याला उचलून आणलं. पिशवीत केंद्राच्या प्रश्नावलीची झेरॉक्स निघाली. फिट येते का, दमा आहे का, दारू पिता का, असे सतरा प्रश्न आणि प्रत्येकापुढे पेनाने 'नाही'. हा पठ्ठ्या लोकांकडून ते पाठ करून घ्यायचा.

माझ्याही प्रश्नांना तो धडाधड "नाई साहेब" म्हणत होता. खरं बोलणारा माणूस जरा थांबतो, आठवतो. पाठ केलेलं बोलणारा थांबत नाही. एक ठेवून द्यावी असं फार वाटलं. त्याऐवजी मी तीच झेरॉक्स उचलून भराभर वाचू लागलो.

"दमा?"

"नाई साहेब."

"खर्रा खातोस?"

"नाई साहेब."

त्याचा गाल तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने फुगलेला होता. हवालदाराला हसू आवरेना. त्याच वेगात मी कागदावर नसलेला एक प्रश्न घुसवला.

"रोहण्याचा माणूस स्वतःच्या नावावर गेला?"

"नाई साहेब, भावाच्या..."

आणि त्याने जीभ चावली.

दिराचं नाव बाईनेच सांगितलं. मी पुन्हा फोन लावला. औषधाच्या रांगेतून नवऱ्याला बाहेर काढलं, तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. बाई बाकावर बसून ढसाढसा रडली.

एजंटवर गुन्हा दाखल झाला. दोन दिवसांनी जबाबासाठी आलेला नवरा मात्र माझ्यावरच चिडला होता.

"काऊन अडवलं मले? पहिल्या खेपेले खरं सांगतलं तं हाकललं. मंग भावाच्या नावावर गेलो, सगळ्याले नाई म्हटलं, तं खाट भेटली, जेवन भेटलं. खरं कोनाले पाह्यजे होतं, साहेब?"

मी कागद पुढे ओढला आणि सवयीने म्हणालो, "एजंटनेच तुला फसवलं ना?"

"हो साहेब," तो मुकाट्याने म्हणाला.

मी ते लिहिलंसुद्धा. मग माझीच मला लाज वाटली. इतक्या वर्षांत असे किती 'हो' मी लोकांकडून वदवून घेतले असतील! तो कागद मी फाडला. "तुले जे सांगायचं ते सांग," मी म्हणालो, "मी तेच लिहितो."

सुरुवात करायला त्याला बराच वेळ लागला.