देवासाठी घेतलेलं फूल

सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होतो. आमच्या कुंपणाच्या भिंतीवरून छत्रीची मूठ वर आली, तिनं जास्वंदीची फांदी अलगद खाली ओढली आणि एका सुरकुतलेल्या हातानं फूल खुडलं. पलीकडे एक आजोबा होते. त्यांची सहा-सात वर्षांची नात पिशवी धरून रस्त्यावर नजर ठेवत होती.

मला राग यायला हवा होता. आला तो गहिवर. हा उद्योग मी याच वयात वडिलांकडून शिकलो. देवासाठी घेतलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, असं ते सांगायचे. ताई आणि मी, दोघंही त्यांचेच शिष्य. पहिल्यांदा फुलं खुडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताईनं त्या घराची बेल वाजवली आणि "काकू, काल तुमची फुलं आम्ही घेतली," असं सांगून टाकलं. मी मात्र पुढे शेजाऱ्यांच्या पेरूपर्यंत प्रगती केली. शिकवणी एकच, पण स्वभावांनी आपापली वाट धरली.

इतक्यात नातीनं मला पाहिलं. तिच्यासमोर आजोबा चोर ठरू नयेत, म्हणून मी खिडकीतूनच घाईघाईनं म्हणालो, "काय हो काका, रोज फुलं घेऊन जा म्हटलं होतं ना? काल का आला नाहीत?"

आजोबा क्षणभर गडबडले, मग सावरले. "काल जरा गुडघा दुखत होता," ते म्हणाले.

नात म्हणाली, "पण आजोबा, मग आपण लपत का होतो?"

पोरीला एका सकाळी दोन गुरू लाभले होते, पण तिनं वाट धरली होती ती ताईची.