कार्ड खाली आहे

मला लोकांचं मराठी सुधारायची खोड आहे. आई सांगलीच्या शाळेत मराठी शिकवायची, तिच्याकडून ती आली, आणि म्हैसुरात वीसेक वर्षं काढूनही गेली नाही. इथे एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायची नोकरी केली. ती सोडल्यावर कुवेंपुनगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत टेबल टाकलं. लोक बिघडलेल्या वस्तू आणतात, मी त्या दुरुस्त करते, आणि आणणारा मराठी असला तर जाता जाता त्याचं मराठीही.

या दुसऱ्या कामाला माझं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे इथल्या अग्रहार भागातला फोटो स्टुडिओवाला. त्याचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात ते मराठी बोलतात, म्हणजे त्यांना तसं वाटतं. मी त्याला म्हणायचे, "तुझं मराठी म्हणजे बिसिबेळे भात. डाळ कुठली आणि तांदूळ कुठला, सांगायची सोय नाही." त्याला कधी राग आला नाही. "पोट भरतंय नव्हं, अक्का?" म्हणायचा. मी त्याच्याहून मोठी, म्हणून पहिल्या दिवसापासून अक्का.

आमचं सगळ्यात जुनं भांडण 'खाली' या शब्दावरून होतं. कानडीत खाली म्हणजे रिकामं, संपलेलं. तो सरसकट तसंच म्हणायचा. साखर खाली, बस खाली, पाकीट खाली. "अरे, खाली म्हणजे जमिनीच्या बाजूला," मी सांगायचे. "त्याला आम्ही खालती म्हणताव," तो म्हणायचा. स्टुडिओत तर हा शब्द दिवसभर फिरायचा. लग्नाचे फोटो संगणकात उतरवून झाले की तो पोराटोरांना ओरडून सांगायचा, "कार्ड खाली!" म्हणजे आतलं सगळं नीट ठेवलंय, आता पुसून टाकलं तरी चालेल. हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट वेळेला आठवत नाही, तेव्हा तिचा उपयोग काय, हे अजून मला कळलेलं नाही.

स्टुडिओ त्याच्या वडिलांनी उभा केलेला. अप्पांनीच माझा पहिला पासपोर्टचा फोटो काढला होता. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते आधी कंगवा द्यायचे. "केस बसवा, बाई. मान स्वल्प वर." स्वल्प म्हणजे जराशी. अख्ख्या अग्रहाराचे चेहरे त्यांच्या हाताखालून गेले, पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत. घरच्या लग्नातही कॅमेरा घेऊन पुढे. अल्बममध्ये अप्पा शोधायला जावं तर कुठे कोपर, कुठे आरशात अर्धा खांदा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं.

त्यांच्या पोराने, म्हणजे आमच्या स्टुडिओवाल्याने, लग्नांसाठी एक ड्रोन घेतला. हाताच्या पंजावर बसेल एवढा, घडीच्या चार हातांचा. त्याचा सराव करायला तो म्हैसूरबाहेर, वरुणाकडच्या एका गावात, नात्यातल्या कुणाच्या भातशेतावर गेला, आणि अप्पा हवा खायला म्हणून बरोबर गेले. नेहमीप्रमाणे ते मागे, बांधावर उभे. पण वरून बघणाऱ्याला मागे काय आणि पुढे काय! ड्रोन वळला आणि पोराच्या हातातल्या रिमोटच्या पडद्यावर अप्पा आले. पोराने हाक मारली. अप्पांनी वर पाहिलं, मग खिशात कंगवा नव्हता म्हणून हातानेच केस बसवले आणि मान जराशी वर करून उभे राहिले. हे सगळं त्याने मला सांगितलं. बघितलं फक्त त्याने.

त्याला इतकं भरून आलं की तो पडदा सोडून अप्पांकडेच बघत राहिला. ड्रोन माडाच्या झावळीवर आदळला आणि भातखाचराच्या पाण्यात पडला. अप्पांनीच पंचा खोचून चिखलातून तो बाहेर काढला. पुढच्या महिन्याभरात अप्पा झोपेतच गेले. तेराव्याला हार घालायला फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात अप्पा गुन्हेगारासारखे दिसत होते, आणि केस विस्कटलेले.

त्यानंतर तो ड्रोन घेऊन माझ्याकडे आला. प्लास्टिकच्या पिशवीत, चिखल वाळून पांढरा झालेला.

"उडला नाही तर चालतंय, अक्का," तो म्हणाला. "पण अप्पा आत हायत."

कार्ड शाबूत होतं. संगणकावर फाइलचं नाव दिसायचं, पण ती उघडायची नाही. ड्रोन पडताना वीज तुटली, त्यामुळे चित्रण चालू असतानाच अर्धवट राहिलं होतं, कुणी वाक्य बोलता बोलता उठून जावं तसं. असं अर्धवट राहिलेलं चित्रण त्याच ड्रोनला पुरं करता येतं. कार्ड आत असताना तो सुरू झाला की आपला आपण ते जोडून घेतो. म्हणजे अप्पा दिसायचे तर ड्रोन जिवंत व्हायला हवा होता. मी कार्ड काढून डबीत ठेवलं आणि कामाला लागले. तेव्हा त्याची एक नक्कल काढून ठेवायला हवी होती. पण माझा हात बोर्डावर बसलेला. फाइलींचा प्रांत माझा नाही.

बारीक स्क्रू काढून कवच उघडलं तर आत शेत होतं. मऊ ब्रश आणि स्पिरिटने बोर्ड धुतला, वाळवला, पुन्हा धुतला. बॅटरी लावली की दिवा लागायचा आणि लगेच विझायचा. याचा अर्थ कुठेतरी वीज सरळ जमिनीला मिळते आहे. मीटरची टोकं लावत एकेक हात तपासत गेले. प्रत्येक मोटरला वीज पुरवणारे छोटे काळे चौकोन असतात, बोर्डाला चिकटलेल्या मुंग्यांएवढे. मागच्या डाव्या मोटरचे दोन जळून एकजीव झाले होते. ते गरम हवेने उचलले आणि दिवा लागला तो लागलाच. मग कॅमेऱ्याकडे जाणारी चपटी पट्टी फाटलेली निघाली. ती मागवली, आली ती दुसऱ्याच मापाची, परत मागवली. तो मधून मधून फोन करायचा. "बसवलासा?" मी म्हणायचे, "बसवलात का, असं विचार." तो म्हणायचा, "बसवलात का?" आणि मग दोघंही हसायचो.

कॅमेरा लागला त्या दिवशी माझं काम खरं म्हणजे संपलं होतं. चित्रण जोडायला ड्रोनला नुसतं जागं होणं पुरे होतं. उडायची गरज नव्हती. तो स्वतः तसं म्हणालाही होता. पण तीन पायांवर लंगडणारी वस्तू घरी पाठवायची मला लाज वाटते. माझ्या टेबलावरून जे जाईल ते पुरं जाईल, असा माझा ताठा. मेलेल्या दुसऱ्या एका बोर्डावरून ते दोन चौकोन काढून बसवले, बिजागरीत तुटलेली तार जोडली, चारही पाती फिरवून पाहिली. फार छान फिरली. ती फिरली नसती तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणते.

कार्ड घालून सुरू करायचं ते तो समोर असतानाच, असं मी मनाशी ठरवलं होतं. अप्पांना आधी त्याने बघावं. त्या सकाळी मी फोन केला, "झालंय, ये." मला म्हणायचं होतं, ड्रोन झालाय. त्याने ऐकलं, अप्पा कार्डातून निघाले, संगणकात उतरले. तो नंजनगूडची केळी घेऊन आला. गच्चीवर टेबल मांडलेलं होतं, कार्ड मी ड्रोनमध्ये घालून ठेवलं होतं. या ड्रोनला कार्डाची खाच पोटाच्या बाजूला असते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली, आणि मी "आलेच" म्हणून जिना उतरले.

त्याने ड्रोन सुरू केला. कुणीही केला असता. पडद्यावर प्रश्न आला की कार्डात दोष दिसतो, पुसून नव्याने तयार करू का? अशा वेळी नको म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं ड्रोन बघतो. हे मला माहीत होतं आणि मी गॅसपाशी उभी होते.

"अक्का, कार्ड?" वरून हाक आली.

मला वाटलं, खाच शोधतोय.

"खाली आहे!" मी ओरडले. आणि त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, "कार्ड खाली आहे रे!"

पोटाला आहे म्हणाले असते, आत आहे म्हणाले असते, तरी भागलं असतं. मराठीत ध चा मा केल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. इथे तर एक अक्षरही कुणी बदललं नव्हतं. शब्द जसाच्या तसा जिना चढून वर गेला आणि वर पोचेपर्यंत कानडी झाला, आणि त्याने पडद्यावरच्या प्रश्नाला हो म्हटलं.

पात्यांचा आवाज आला तेव्हा मी जिन्याकडे धावले. गच्चीच्या दारात आले तर ड्रोन शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या वर, माझ्याकडे तोंड करून, आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. चित्रण चालू होतं. मी दोन्ही हात हलवून ओरडले, "खाली! खाली घे! खाली!"

तो लहान मुलासारखा हसला. "होय, अक्का, खालीच होतं की! आता भरायलंय बघा!"

ड्रोन उतरला. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, त्याने विचारलं ते आठवतं. "म्हणजे, अप्पांना तुमी संगणकात उतरवलं नाही?" मी मान हलवली. तो टेबलाशेजारच्या स्टुलावर बसला आणि केळ्यांच्या पिशवीची गाठ सोडत राहिला, सोडून झाल्यावर पुन्हा बांधायला लागला. मी रडले. तो रडला नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

पुढे जे करतात ते सगळं केलं. पुसलेलं परत मिळवून देणाऱ्यांकडे कार्ड नेलं. नुसतं पुसलं असतं तर काहीतरी निघालं असतं, ते म्हणाले, पण हे आधीच अर्धवट होतं आणि नेमकं त्याच जागेवर नवं चित्रण बसलंय. मुलीने पुण्याहून फोनवर विचारलं, "आई, आधी नक्कल काढून नाही ठेवलीस?" तिने वाईट अर्थाने विचारलं नव्हतं. तरी मी फोन ठेवून दिला. एखादा भाग जळाला तर दुसरा बसवता येतो, तार तुटली तर जोडता येते. आयुष्यभर मी याच हिशेबावर जगले, म्हणून तर कुणाचं काही कायमचं गेलं म्हटलं की मला आतून कधी खरं वाटायचं नाही. आता वाटतं.

बरेच दिवस मी अग्रहारात जायचं टाळलं. बाजार दुसरीकडून केला. शेवटी एका दुपारी स्टुडिओच्या पायऱ्या चढले. त्याने चहा मागवला. भिंतीवर आधार कार्डावरचे अप्पा, हारासकट, आणि चौकटीच्या कडेला चिकटवलेली एक छोटी पारदर्शक डबी. त्यात ते कार्ड.

"त्यावर काय आहे, माहीत आहे ना?" मी म्हणाले. "एक बाई दारात उभी राहून हात हलवतेय. पुसून टाक ते. कार्ड कामाला तरी येईल."

"बघितलो मी," तो म्हणाला. "आवाज नाही त्यात. तुमचं तोंड तेवढं हलतंय."

काय म्हणत हलतंय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"परवागिल्ल, अक्का," तो म्हणाला. असू दे, चालायचंच, असं म्हणायला त्याला कानडीच लागते. "पण पुसणार नाही मी. तुमी हाय ते वरचं. त्याच्या खाली अप्पा हायत, नव्हं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो 'खालती' म्हणाला नाही. शब्द माझा होता, अर्थ माझा होता, आणि सुधारायला त्यात काही नव्हतं. मी "हो" म्हणाले.