मंगल कार्यालयातल्या म्हशी

त्या दिवशीच्या चहाची चव अजून जिभेवर आहे, आणि माझी चूकही. कोकण किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकणार, वारं घाट ओलांडून वेल्ह्यात घुसणार, असा इशारा आला होता. ठाण्याचा फौजदार म्हणून डोंगरकडेची एक वाडी खाली हलवण्याची जबाबदारी माझ्यावर होती. मी फर्मावलं, "माणसं विंझरच्या शाळेत न्या. जनावरं वरच राहतील. त्यांच्यासाठी कोणी परत गेलं, तर गुन्हा दाखल करीन." बंदोबस्त चोख झाला, असं मला वाटलं.

दुपारी वादळ आलं, संध्याकाळी ओसरलं. सकाळी एक शेतकरी धापा टाकत ठाण्यात आला. तो शाळेत न थांबता शिवऱ्याला लेकीकडे गेला होता आणि पहाटे तिथून थेट वाडीत जाऊन आला होता.

"सायेब, गोठ्याचं पत्रं उडालं आन् म्हस न्हाई! गाभण हुती वो. वाडीत एकबी जनावर न्हाई." त्याचं घर त्या म्हशीच्या दुधावरच चालायचं.

तेवढ्यात एका दुकानदाराने खबर दिली. वादळाआधी ताडपत्री टाकलेला टेम्पो जनावरं घेऊन उतरताना त्याने पाहिला होता. टेम्पोवाला त्याच वाडीचा. त्याला शाळेतून सगळ्यांसमोर उचललं आणि मी त्याला चोर म्हणालो.

ठाण्यात चौकशी सुरू झाली.

"कुठं विकलीस?"

"इकली न्हाईत."

"मग आहेत कुठं?"

"सुखात हायती."

"माझी थट्टा करतोस?"

"न्हाई सायेब. पर म्या शबूद दिलाय."

चोर सहसा फार बोलतो. हा निवांत बसला होता, तरी मला शंका आली नाही.

हवालदाराने शाळेतून किटलीत चहा आणला. एक घोट घेतला आणि थबकलो. दाट, सायीचा चहा! बाहेरून येणाऱ्या रस्त्यावर झाडं आडवी, दुधाची गाडी आलेली नाही. मग दूध कुठलं? टेम्पोवाला खाली बघून हसत होता.

त्याला आणि शेतकऱ्याला घेऊन शाळा गाठली. चुलीपाशी वाडीतल्या एक काकू होत्या.

"काकू, दूध कुठलं?"

"म्हशीचं. तुमी गुन्ह्याची भीती घातली, म्हून समदी गप हुतो. वादळाआदी म्याच ह्याला टेम्पोच्या फेऱ्या मारायला लावल्या, आन् कुणाला सांगनार न्हाई असा शबूद घेतला. चला, दावते."

त्या आम्हाला गावाबाहेरच्या, त्यांच्या भावाच्या मंगल कार्यालयात घेऊन गेल्या. 'शुभविवाह' लिहिलेल्या पाटीखाली वाडीच्या म्हशी रवंथ करत होत्या. कोपऱ्यात शेतकऱ्याची म्हैस नुकत्याच झालेल्या पारडीला चाटत होती. तो तिच्या गळ्यातच पडला.

"वऱ्हाड लई खातंय, सायेब," काकू म्हणाल्या. "आता आहेर तुमीच करा!" सगळे हसले. मीही हसलो, पण माफीचा शब्द काही तोंडातून फुटला नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं, की जनावर वर राहिलं तर माणसाचा जीवही वरच अडकतो. आणि आपण धाक घातला, तर लोक चांगलं कामसुद्धा आपल्यापासून लपवतात. पुढच्या प्रत्येक इशाऱ्याला मी आधी गोठे रिकामे करवले.

निवृत्त झाल्यावर वाडीत गेलो. ती पारडी आता दुभती म्हैस झाली होती. तिच्याच दुधाचा चहा काकूंनी पुढे केला. सगळी वाडी जमली होती. चोर म्हणालो होतो चारचौघांत, म्हणून तिथेच उठून टेम्पोवाल्यासमोर हात जोडले.

"दादा, चूक माझी होती. मला माफ करा."