कळलावीची सोयरीक

हायब्रीड ज्वारी नवी होती त्या वर्षांतला हा किन्हीराजा गावचा गृहस्थ. गावोगावी सोयरिकी जुळवायचा आणि बोलताना डोळे अर्धे मिटायचा, जणू कुणाची लांबची आत्या आठवतोय. अनसिंगला माझ्या कुंपणावर कळलावीची रानवेल दरसाल फुलायची, पण शेंग धरत नव्हती.

"एका मायचीच फुलं हायेत सारी. आपसात कशी सोयरीक होईन?" तो म्हणाला.

पुढच्या श्रावणात तो एसटीतून उतरला, तो टोपीत त्याच्या गावच्या कळलावीचं फूल खोचून.

"आमी पोराकडचे. पयले रान एकच व्हतं. मधात वावरं आली, नातं लांबलं. आता चालते."

ते फूल त्यानं आमच्या फुलांना हळूच टेकवलं.

दिवाळीत शेंगा उकलल्या. आत लालभडक बिया. त्यानंतर त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. दुरूनच व्याह्यासारखा हात जोडून म्हणायचा, "रामराम, इवाई!"