तोफ आणि डबी

कुमुद फोन हातात धरूनच जिना चढून गच्चीवर आली, तेव्हा मी माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्स उन्हात ठेवत होतो. दमट दिवसांत त्यांना बुरशी धरते, म्हणून ऊन पडलं की हा माझा उद्योग असतो. ती म्हणाली, "अहो, वामनराव गेले..." अशा वेळी माणसाला रडू येतं, पायातलं बळ जातं, निदान तोंडातून 'अरेरे' तरी निघतं. मला राग आला. चांगला सणसणीत राग. वामन माझा साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि त्याचं मला उट्टं काढायचं होतं. वर्षानुवर्षं मी टपून होतो. आणि हा माणूस माझ्या हाती न लागता, कामठीच्या आपल्या घरात, सकाळचा चहा पिऊन, शांतपणे निघून गेला होता.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी खुशाल बोलू नये. मी हा लेख सूड म्हणूनच लिहितो आहे, आणि संपादकांनी तो छापला तर वामनला पहिल्यांदाच माझ्या शब्दावर शब्द टाकता येणार नाही. तो असता तर त्याने वर्तमानपत्राची पुरवणी उघडून, चष्मा कपाळावर सरकवून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात हा लेख वाचला असता आणि दर दोन ओळींनी थांबून आपली टीप जोडली असती. आता जोड म्हणावं.

आमचं वैर कॅमेऱ्यावरून होतं. मी हौसेनं डीएसएलआर घेतला त्याच हिवाळ्यात त्याने खिशात मावणारा एक चपटा, चांदीच्या रंगाचा डिजिटल कॅमेरा घेतला. माझ्याकडे दोन लेन्स, स्टँड, ब्रश, फुंकणी, खांद्यावरची बॅग. त्याच्याकडे शर्टाचा खिसा. माझ्या कॅमेऱ्याला त्याने पहिल्याच दिवशी 'तोफ' नाव ठेवलं. मी त्याच्या कॅमेऱ्याला 'डबी' म्हणालो, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची डबी असते तशी, तर ते त्याला इतकं आवडलं की तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला, "माझी डबी पाह्यली का?" टोमणा मारावा आणि समोरच्याने तो दागिन्यासारखा मिरवावा, यासारखा दुसरा अपमान नाही.

आता मी न्यायाने सांगतो. माझा कॅमेरा सरस होता, आजही आहे. बटण दाबलं की 'खट्' आवाज आणि फोटो तयार. नऊवारीच्या काठातला धागा न् धागा दिसतो. अंधाऱ्या मांडवातही त्याला फ्लॅशची भीक मागावी लागत नाही. डबीचे फोटो भुरकट, फ्लॅशने माणसं पांढरीफटक, डोळे मांजरीसारखे लाल, आणि निम्मे तिरपे. त्यात डबीचा मोठा दोष असा की बटण दाबल्यावर ती आधी विचार करत बसायची. लेन्स घरघरायची, पुढे यायची, मागे जायची, आणि मग सावकाश फोटो निघायचा. तोवर माणूस निघून गेलेला असायचा. हे मी दर लग्नात, दर बारशात, सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि घरी नेण्यासाठी फोटो मात्र वामनचे मागितले. माझ्या फोटोत माणसं पोलिसांनी पकडून आणल्यासारखी उभी असायची. त्याच्या फोटोत ती हसत असायची. पुढे सगळ्यांच्या हाती मोबाइल आले, पण आम्ही दोघं मात्र आपापली हत्यारं घेऊनच समारंभाला जात राहिलो.

माझ्या सुडाचं मूळ नरखेड तालुक्यात आहे. तिकडे आमच्या सासऱ्यांची संत्र्याची बाग. त्यांची पंच्याहत्तरी बागेतच केली. पंगत उठल्यावर मी सगळ्या गोतावळ्याला झाडांपुढे उभं केलं. पानांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी चेहऱ्यावर पडत होतं, म्हणून मी सगळ्यांना दोनदा जागा बदलायला लावली. सासरे मधल्या खुर्चीवर. हा माणूस जन्मात हसला नव्हता. जावयांशी बोलतानाही ते पाण्याच्या पाळीवरून भांडायला आल्यासारखे बोलायचे. मी लेन्स बदलली, तिचं टोपण दातांत धरलं, आणि सगळे चौकटीत मावावेत म्हणून डोळा कॅमेऱ्याला लावून एकेक पाऊल मागे सरकू लागलो. मागे संत्र्याच्या झाडाचं आळं होतं, नुकतंच पाणी सोडलेलं. मी त्यात बसलो. पडलो म्हणत नाही, बसलो, कारण कॅमेरा मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता आणि त्याला थेंबही लागू दिला नाही.

तो फोटो वामनने काढला. माझ्या मागून. पुढे चिखलात टेकलेला थोरला जावई, दोन्ही हात वर, पाठमोरा, आणि पलीकडे सगळं कुटुंब पोट धरून हसतंय... आणि मधोमध सासरे, तोंड उघडं, डोळे मिटलेले, दातांची कवळी दिसेल इतके हसताहेत. त्यांचा हसतानाचा तो एकुलता एक फोटो. पुढे ते वारले तेव्हा मेहुण्याने तोच मोठा करून बैठकीत लावला. दर वर्षी त्याला हार घालतात, आणि हार लांब असल्यामुळे तो माझ्याही पाठीवरून जातो. जावयाचा मान म्हणतात तो हा!

लोक म्हणाले, योगायोग. मी महिनाभर विचार केला आणि मला झोपेतून जागं करणारी गोष्ट कळली. डबीचं बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो, हे तर मीच जगाला ओरडून सांगत होतो. म्हणजे मी पडल्यावर वामनने बटण दाबलं असतं, तर फोटोत मी कपडे झटकत उभा दिसलो असतो. ज्या अर्थी मी चिखलात टेकताक्षणीच सापडलो, त्या अर्थी त्याने बटण मी पडायच्या आधीच दाबलं होतं. त्याला आळं दिसलं होतं. मी मागे जातोय हे दिसलं होतं. एक हाक मारता आली असती. नाही मारली!

त्या दिवसापासून मी ठरवलं, या माणसाचा असा एक फोटो काढायचा की तो याच्या बैठकीत लागला पाहिजे. घास तोंडात कोंबताना, घोरताना, वरातीत नाचताना, काहीही. लांबची लेन्स मी त्यासाठीच घेतली, कुमुदला सांगितलं पक्ष्यांसाठी. पण वामनला माझी चाहूल कशी लागायची देव जाणे. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मी लेन्स रोखली की तिकडून आरोळी यायची, "तोफ आली रे बाप्पा!" आणि तो खिशातून डबी काढून तोंडासमोर धरायचा. मी त्याचे किती फोटो काढले असतील, सगळ्यांत मानेच्या वर एक चांदीची डबी आहे.

शेवटची भेट त्याच्या घरीच झाली. पोटाच्या आजाराने पार वाळला होता. कामठीच्या लष्करी छावणीच्या कचेरीत उभा जन्म कारकुनी केलेला माणूस, तिथल्या पहारेकऱ्यांसारखा ताठ चालायचा, तो उशीला टेकून बसला होता. मला रिकाम्या हाताने आलेलं पाहून म्हणाला, "काहून साडभाऊ, तोफ नाही आणली? आज तं मी पळूही नाही शकत."

"पडलेल्यावर गोळी झाडत नाही मी," मी म्हणालो. असं बोलायला नको होतं, असं कुमुद आजही म्हणते. पण तो इतका हसला की शोभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, पाणी घेऊन यावं लागलं. ती आत गेल्यावर मी विचारूनच टाकलं. "वामनराव, खरं सांगा. ते आळं तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हाव," तो म्हणाला. काही लाज नाही, शरम नाही. "आवाज देणारच होतो. तेवढ्यात मामाजीच्या पायाचा अंगठा हलला."

"सासऱ्यांचा अंगठा?"

"थे हसायच्या आधी त्याईचा अंगठा हलत जाय. हसू मात्र दाबून टाकत. माझी डबी हळू चालते ना साडभाऊ, हसल्यावर दाबलं का हसू संपून जाते. मंग मी माणसं पाहून ठेवली. कुमुदताई नाकाले हात लावते. मेहुणा आधी इकडे-तिकडे पाह्यते. मामाजीचा अंगठा. त्या दिवशी हलला, म्हटलं आता बुढा हसते. तुम्हाले आवाज दिला असता, तं तुमची पँट वाचली असती, अन् बुढ्याचं हसू गेलं असतं. तुम्हीच सांगा, काय करायचं होतं?"

मला पटलं असं त्याला वाटू द्यायचं नव्हतं. म्हणून मी विचारलं, "आणि शोभा? ती हसायच्या आधी काय करते?"

"थे मले माहीत हाये," तो म्हणाला आणि डोळे मिटले. "तुम्हाले काहून सांगू?"

तो गेल्यावर भाची पल्लवीचा फोन आला. "काका, भिंतीवर लावायला बाबांचा फोटोच नाही. ओळखपत्रावरचा आहे, तो कोण्या दुसऱ्याच माणसाचा वाटते. तुमच्याकडे असेल ना चांगला, तुमचा कॅमेरा मोठा आहे." मी संगणकासमोर बसलो. डबी, डबी, डबी. मांडवातली डबी, पंगतीतली डबी, बागेतली डबी. मग एकदम माझ्या लक्षात आलं की देवाने सूड माझ्या ताटात वाढून ठेवला आहे. त्यातल्या त्यात स्वच्छ फोटो मी निवडला. डबीवरचा ओरखडा न् ओरखडा दिसत होता, तिची मनगटाला गुंडाळलेली दोरी, पकडीत पांढरी झालेली नखं. फक्त माणसाचं तोंड नव्हतं. स्टुडिओतून तो मोठा करून घेतला, झकास चौकट केली, आणि तेरवीला शेअर ऑटोत मांडीवर धरून कामठीला नेला. तोंड लपवायची हौस होती ना? लपवा आता भिंतीवर.

चौकटीवरचा कागद काढताच वामनचे थोरले चुलते भडकले. "हे काय गा? तोंडच नाही त्याले! हार काय डब्याले घालायचा?" दोनचार जणांनी माना डोलावल्या. पल्लवी माझ्याकडे बघायला तयार नव्हती. मी मात्र ठाम होतो. गळ्यात कॅमेरा, टोपण काढलेलं, आणि मनात म्हणत होतो, वामनराव, आता कसं वाटतंय?

शोभा आतून आली. ते सगळे दिवस ती कोणाशी धड बोलली नव्हती, जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. ती चौकटीसमोर उभी राहिली. तिने त्या बोटांकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. मग चुलत्यांना म्हणाली, "काकाजी, मी तं घरात त्याईले असंच पाह्यलं. जेवाले बसलो तरी तोंडासमोर थेच." आणि ती हसली. पदर तोंडाला न लावता, मोकळी, घरभर ऐकू येईल अशी हसली. मी कॅमेरा उचलला आणि 'खट्' केलं. माझ्या कॅमेऱ्याला काय उशीर लागतो? काहीच नाही. पल्लवी माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "काका... आई रडत असतानाचा फोटो काढला काहून?"

मी पाहिलं. खरंच, हसू नव्हतं. ते संपून गेलं होतं, आणि त्याच्यामागून जे आलं ते माझ्या कॅमेऱ्याने पापणीवरच्या पाण्यासकट टिपलं होतं. बाजूला भिंतीला टेकून ठेवलेल्या चौकटीतून ती डबी माझ्याकडे रोखलेली होती.

मी वामनला माफ केलेलं नाही. उलट आता दुप्पट चिडलो आहे, कारण एक गोष्ट त्याला माहीत होती आणि ती तो माझ्यापासून लपवून घेऊन गेला. म्हणून मी दर रविवारी कामठीला जातो. कुमुद बरोबर असते. आम्ही शोभाच्या स्वयंपाकघरात बसतो आणि मी वामनच्या फजितीचे किस्से सांगतो, निम्मे खरे, निम्मे सुडापोटी रचलेले. बोट कॅमेऱ्याच्या बटणावर असतं आणि नजर तिच्यावर. कधी वाटतं, ती हसायच्या आधी हातातलं काम थांबवते. कधी वाटतं, नाही, मान खाली घालते. गेल्या रविवारी ती दोनदा हसली आणि दोन्ही वेळा मी हुकलो. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हटलं, "भाऊजी, थे खाली ठेवा आता, चहा थंडा होऊन राहिला."

मी ठेवला नाही.