मी बंद केलेलं जेवण

बायकोचं जेवण मी बंद केलं. आमची मुलगी संध्याकाळ झाली की रडायची आणि त्याचं कारण तिच्या आईच्या ताटात आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

बाळंतपण सांगलीला, तिच्या माहेरी झालं. मी साताऱ्याला, एमआयडीसीतल्या कारखान्यात. सुट्टी मिळाली की एसटी धरायची, तेवढीच भेट. चाळिशी ओलांडल्यावर बाप झालेला माणूस जरा जास्तच धास्तावलेला असतो. दिवेलागणीला पोरगी पाय पोटाशी घेऊन कळवळायची. ते फोनवर ऐकत मी विचारायचो, "आज काय खाल्लंस?"

"भाकरी आणि वांगं."

"वातूळ असतं ते. उद्यापासून बंद."

दुसऱ्या संध्याकाळी मुलगी कमी रडली. तेच वाईट झालं, कारण माझा माझ्यावर विश्वास बसला. ती पुन्हा रडली तेव्हा हरभऱ्याची डाळ गेली. मग शेंगदाणे, कोबी, दूध, फळं. सासूबाईंना पटत नव्हतं, पण जावयाचा शब्द मोडायचा कसा? मी सांगलीला गेलो होतो तेव्हा एकदाच म्हणाल्या, "आवं, माझी पोरगी वाळाय लागली. दूध कुठनं उतरायचं?" मी ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी माझ्या ताटात भरलं वांगं होतं आणि बायकोच्या ताटात मऊ भात नि मुगाचं पाणी. मी दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या खेपेला गेलो, तर पाळण्यापासून उठताना बायकोला चक्कर आली. सासूबाईंनी धरलं. बाळाचं रडणं होतं तसंच होतं. सगळे मिळून बाळांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजन केलं, पोट चाचपलं, शी कशी होते ते विचारलं.

"बाळ चांगलं आहे. काही बाळं पहिले काही महिने अशी संध्याकाळी रडतात, मग आपोआप थांबतात. आईच्या खाण्याशी त्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. शीतून रक्त आलं किंवा अंगावर पुरळ उठलं, तर आईच्या खाण्यातलं दूधदुभतं थोडे दिवस थांबवून बघतो आम्ही. इथं तसं काही नाही. हिला आधी पोटभर जेवू द्या." मग त्यांनी विचारलं, "एवढं सगळं बंद कुणी केलं?"

मी बाळाची दुपटी पिशवीत भरू लागलो.

"मीच," बायको म्हणाली. "वाटलं, बाळाला त्रास होत असेल."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. रिक्षानं सगळ्यांना घरी सोडून मी साताऱ्याची गाडी धरली. इस्लामपूर मागे पडेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की मीही दमलोय, जागरणं मलाही झाली आहेत. पुढे तेही जमेना. आठवडाभर फोनवर फक्त बाळाची चौकशी केली.

पुन्हा गेलो तेव्हा सासूबाईंनी पाट मांडला होता. मी पाटावर बसलो नाही. सासुरवाडीत जावयानं चूक कबूल करायची आमच्याकडे रीत नाही. बायको भिंतीला टेकून मुलीला पाजत होती. तिच्यासमोर खाली बसलो आणि तिच्या आईला ऐकू जाईल असं म्हणालो, "डॉक्टरांसमोर तू माझी चूक अंगावर घेतलीस आणि मी ती घेऊ दिली. तुला उपाशी मी ठेवलं. आईंचंही ऐकलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."